सूर्यकांत मणी : चमक येते कुठून आणि पारखायची कशी

(सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा इथल्या सार्वजनिक व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय आहे सूर्यकांत मणी. बाजारात याला सनस्टोन म्हणतात. नारिंगी, मधासारखा किंवा विटकरी रंगाचा खडा असतो. उन्हात धरून हलवला की आतून सोनेरी-तांबूस ठिणग्या उडाल्यासारखं दिसतं.

हा विषय इथे का घेतला, ते पहिल्यांदा सांगतो. मालाचा पैसा हातात आला की घरात दोन गोष्टी निघतात, एक म्हणजे सोनं आणि दुसरी म्हणजे अंगठीतला खडा. सोन्याला आता हॉलमार्क आहे, वजनकाटा आहे, रोजचा भाव वर्तमानपत्रात येतो. खड्याला यातलं काहीच नसतं. विकणारा जे नाव सांगेल ते नाव आणि जो भाव सांगेल तो भाव. सूर्यकांताच्या बाबतीत तर फसगत फार सोपी आहे, कारण त्याच्यासारखी चमकणारी काच अतिशय स्वस्तात तयार होते. तेव्हा दगड समजून घेणं ही हौस आहेच, पण ती आपल्या खिशाची राखणही आहे. आणि एकदा समजून घेतला की तो जास्त सुंदर दिसतो, हाही आमचा अनुभव आहे.

नाव एक, दगड तीन

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गावात एक सूर्यकांत आणि एक चंद्रकांत असतो. कांत म्हणजे प्रिय, लाडका. सूर्याचा लाडका तो सूर्यकांत, चंद्राचा लाडका तो चंद्रकांत. याच घराण्यातला तिसरा शब्द आहे अयस्कांत. अयस् म्हणजे लोखंड. लोखंडाचा लाडका म्हणजे चुंबक.

आता ही तिन्ही नावं नीट बघा. दगड काय करतो, यावरून ती पडलेली आहेत. चुंबक लोखंड ओढतो. चंद्रकांत चांदण्यात पाझरतो अशी कविकल्पना आहे. सूर्यकांत उन्हात धरला की आग ओकतो, असं जुन्या संस्कृत वाङ्मयात सांगितलं आहे. कालिदासाच्या शाकुंतलात तपस्व्यांच्या शांतपणाला सूर्यकांताची उपमा आहे : हाताला थंड, पण दुसऱ्याचं तेज अंगावर आलं की आतली आग बाहेर पडते.

हा आग ओकणारा दगड कोणता असेल? यास्काचार्यांच्या निरुक्तात याचा चांगला धागा सापडतो. घासून लख्ख केलेलं कांस्य किंवा मणी सूर्यासमोर धरला आणि कोरडं शेण त्याला न टेकवता जवळ ठेवलं, तर ते पेटतं, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे हा मणी भिंगाचं काम करत होता. त्यासाठी दगड स्वच्छ, पारदर्शक आणि फुगीर घासलेला हवा. स्फटिक, म्हणजे पारदर्शक क्वॉर्ट्झ, या वर्णनात चांगला बसतो. आज सूर्यकांत म्हणून विकला जाणारा नारिंगी चमकीचा खडा त्यात बसत नाही. त्याच्या आत इतक्या चकत्या असतात की ऊन एका बिंदूवर गोळा होण्याऐवजी विखुरतं.

दुसरा सूर्यमणी युरोपच्या उत्तरेकडचा. आइसलंडच्या जुन्या कथांमध्ये आभाळ झाकलेलं असतानाही सूर्य कुठे आहे ते दाखवणाऱ्या सूर्यदगडाचा उल्लेख येतो. १९६७ मध्ये थॉर्किल्ड रामस्को या डॅनिश पुरातत्त्वज्ञाने अशी कल्पना मांडली की व्हायकिंग दर्यावर्दी आभाळातल्या ध्रुवीत प्रकाशाचा उपयोग करून दिशा काढत असावेत. पुढे २०११ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी पारदर्शक कॅल्साइट वापरून हे जमू शकतं, असं प्रयोगाने दाखवलं. व्हायकिंगांनी खरंच तसं केलं का, यावर वाद आहे. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की हा सूर्यदगडही वेगळा. अक्षरावर ठेवला की एकाची दोन अक्षरं दाखवणारा तो कॅल्साइट. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांतही कॅल्साइट मिळतो.

तिसरा म्हणजे आजच्या जवाहिऱ्याचा सनस्टोन. हा फेल्स्पार या खनिजाचा प्रकार आहे. आज आपण याच्याबद्दल बोलणार आहोत. कोणी तुम्हाला सांगेल की पुराणातला सूर्यकांत मणी तो हाच, तर हात जोडून म्हणा : नाव तेच आहे, दगड तोच असेल असं नाही.

फेल्स्पार : पायाखालचाच दगड

फेल्स्पार हे नाव परकं वाटेल, पण वस्तू घरची आहे. पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग फेल्स्पार गटातल्या खनिजांचा आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा ग्रॅनाइट आठवा. त्यात जे गुलाबी किंवा पांढरे ठोकळे दिसतात, ते बहुतेक फेल्स्पारचे. काचेसारखे करडे दाणे क्वॉर्ट्झचे, म्हणजे आपल्या गारगोटीचे. काळे चमकते ठिपके बहुधा काळ्या अभ्रकाचे.

आपला भंडारा जिल्हा तर याबाबतीत नावाजलेला आहे. मध्य भारताच्या अतिप्राचीन भूखंडाला भूशास्त्रज्ञ बस्तर क्रेटॉन म्हणतात, आणि काही जण त्यालाच भंडारा क्रेटॉन म्हणतात. क्रेटॉन म्हणजे कोट्यवधी वर्षं फारसा न हललेला, घट्ट बसलेला कवचाचा तुकडा. इथले आमगाव पट्टिताश्म, म्हणजे नाइस खडक, आणि साकोली तालुक्यावरून ज्यांना साकोली गट असं नाव मिळालं ते शिस्ट, फायलाइट आणि क्वॉर्ट्झाइट खडक अब्जावधी वर्षांच्या हिशेबातले आहेत. पश्चिम महाराष्ट्राचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे सह्याद्री आपल्यासमोर अगदी लेकरू.

नाइस खडकात फेल्स्पार भरपूर असतो. हवा, पाणी आणि काळ यांचा मारा झाला की त्याची माती होते. पांढऱ्या चिनी मातीचा उगमही बहुतेक फेल्स्पारमध्येच असतो. तेव्हा बांधीत चिखल करताना, बोडीतला गाळ काढताना हाताला जे लागतं, त्याचा एक वाटा जुन्या फेल्स्पारचा आहे.

एवढा सर्वत्र असलेला दगड रत्न कसा होतो? त्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. दगड बऱ्यापैकी स्वच्छ आणि अखंड हवा. आणि त्याच्या आत काहीतरी घडलेलं हवं.

चमक कशी तयार होते

समजायला तुपाचं उदाहरण घेऊ. कढवलेलं तूप गरम असताना एकसारखं, पारदर्शक दिसतं. हळूहळू थंड झालं की त्यात रवा धरतो. रवा बाहेरून टाकलेला नसतो, तो तुपातच होता. गरमपणी विरघळलेला होता, थंडीत वेगळा झाला.

फेल्स्पारमध्ये साधारण असंच होतं. स्फटिक खूप तापलेला असताना त्याच्या रचनेत थोडं लोह सामावून जातं. तापमान उतरायला लागलं की रचना आवळते आणि लोहाला जागा पुरत नाही. मग ते लोह हेमाटाइट या खनिजाच्या अतिशय पातळ चकत्यांच्या रूपाने आतल्या आतच वेगळं होतं. हेमाटाइट म्हणजे लोहाचं ऑक्साइड. याचीच भुकटी झाली की गेरूचा लाल रंग दिसतो.

या चकत्या कशाही पडत नाहीत. स्फटिकातल्या अणूंची मांडणी ठरलेली असते, तिच्या ठरावीक पातळ्यांना धरून त्या बसतात. म्हणजे हजारो बारीक आरसे, आणि त्यातले बरेचसे एकाच दिशेला तोंड करून. म्हणून खडा एका कोनात आणला की सगळे एकदम पेटतात. जरा फिरवला की विझतात. इथल्या तलावात उथळ पाण्यातला माशांचा थवा तुम्ही पाहिला असेल. सगळे एकदम वळले की खवल्यांवर ऊन चमकतं आणि पुढच्या क्षणी पाणी पुन्हा मातकट. सूर्यकांताची चमक त्याच जातीची आहे.

चकत्या पातळ असल्या की त्यांतून आरपार आलेला प्रकाश लालसर दिसतो. खड्याला जो नारिंगी रंग येतो, तो बराचसा यामुळे. चकत्या फार झाल्या तर दगड गढूळ होतो. कमी झाल्या तर चमक तुटक दिसते. बरोबर मात्रा क्वचित जमते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हिऱ्यात आत काही दिसलं तर आपण त्याला डाग म्हणतो आणि किंमत कमी करतो. सूर्यकांतात आत जे आहे तेच त्याचं मोल. ते काढलं तर एक साधा फिकट फेल्स्पार उरतो.

याचा भाऊ म्हणजे चंद्रकांत, बाजारातला मूनस्टोन. तोही फेल्स्पारच. पण त्याच्या आत चकत्या नसतात, दोन प्रकारच्या फेल्स्पारचे अतिसूक्ष्म थर असतात. त्यांच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि दुधाळ निळसर झाक तरंगते. सूर्यकांतात ठिणग्या दिसतात, चंद्रकांतात झाक दिसते. दोघांतला फरक डोळ्यांना एवढा सरळ आहे. ओट्यासाठी ब्लू पर्ल नावाचा निळी झाक मारणारा दगड मिळतो, तो नॉर्वेचा. त्यातली निळाईही फेल्स्पारच्या आतल्या थरांचीच आहे.

कुठे मिळतो

नॉर्वेतल्या त्वेदेस्त्रान्द भागातला सूर्यकांत जुन्या संग्रहांमध्ये प्रसिद्ध आहे. टांझानियातून मोठ्या, विखुरलेल्या चकत्यांचा दगड येतो. ऑस्ट्रेलियातल्या हार्ट्स रेंज भागात असा दगड सापडतो की त्यात चकत्यांबरोबर त्रिकोणी जाळी दिसते, जणू कोणी कोरून ठेवलेली. भारतात तमिळनाडूतला करूर आणि कांगेयमचा पट्टा चंद्रकांत आणि सूर्यकांत या दोन्हींसाठी ओळखला जातो. आपल्याकडच्या दुकानात येणारा नारिंगी, किंचित गढूळ, हेमाटाइटच्या चकत्यांचा दगड बहुधा दक्षिणेकडून किंवा ओडिशाकडून निघालेला आणि जयपूरला घासलेला असतो. सानगडी परिसरात सूर्यकांताच्या खाणी नाहीत.

सगळ्यांत वेगळा आहे अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचा. तिथल्या ओसाड भागात सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात पारदर्शक फेल्स्पारचे स्फटिक मिळतात. त्यांच्यातली चमक लोहाची नसून शुद्ध तांब्याची आहे. भंडारा हे तांब्यापितळेच्या भांड्यांचं शहर, तेव्हा तांब्याची झळाळी तुम्हाला आम्ही काय समजवावी! त्या तांब्याच्या कणांमुळे तिथले काही दगड लाल, काही हिरवे, तर काही एकाच खड्यात दोन्ही रंगांचे असतात. १९८७ मध्ये ओरेगनने सूर्यकांताला राज्याचं रत्न म्हणून घोषित केलं.

आपल्या सह्याद्रीच्या लाव्हातही फेल्स्पार आहे. नाशिक-पुण्याकडच्या काही थरांत तर कित्येक सेंटिमीटर लांबीचे पांढरट स्फटिक दिसतात. ते मात्र रत्न म्हणून घासण्याजोगे नसतात.

सोनेरी काच आणि बाकीची सोंगं

आता फसगतीकडे येऊ. बाजारात सन सितारा नावाचा एक चकाकता तपकिरी खडा मिळतो. भरपूर, एकसारखी, डोळे दिपवणारी चमक. सन सितारा आणि सनस्टोन, ऐकायला किती जवळ! पण सन सितारा ही काच आहे. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचकारांनी १७ व्या शतकात ही काच प्रसिद्ध केली. वितळलेल्या काचेत तांब्याचं संयुग घालायचं, भट्टीत हवा कमी ठेवायची आणि खूप सावकाश थंड करायची. मग काचेत तांब्याचे चिमुकले स्फटिक तयार होतात. ही काच अपघाताने सापडली अशी दंतकथा आहे, आणि म्हणून तिला योगायोग या अर्थाच्या इटालियन शब्दावरून अव्हेंतुरिना म्हणतात. गंमत अशी की पुढे खऱ्या दगडांतल्या अशा चमकीलाही याच काचेवरून नाव मिळालं. म्हणजे अस्सल वस्तूचं बारसं नकलेच्या नावाने झालं.

याच नावाचा दुसरा दगड म्हणजे हिरवा अव्हेंच्युरीन. तो खरा दगड आहे, पण क्वॉर्ट्झ. त्यात क्रोमियम असलेल्या हिरव्या अभ्रकाचे तुकडे असतात. आपल्या देशात तो भरपूर मिळतो. सूर्यकांताशी त्याचं नातं फक्त चमकीचं.

तिसरं सोंग ओळखायला सर्वांत अवघड आहे. २००० नंतरच्या दशकात तिबेटचा म्हणून लाल अँडेसिन फेल्स्पार जगभर विकला गेला. दूरचित्रवाणीवरच्या विक्री-कार्यक्रमांतूनही गेला. पुढे प्रयोगशाळांनी तपासलं, तर त्यातला बराच माल मूळचा फिकट फेल्स्पार निघाला. तांब्याच्या सान्निध्यात प्रचंड उष्णता देऊन त्यात रंग उतरवला होता. दगड खरा, रंग मात्र माणसाचा. हे साध्या भिंगाने कळत नाही. तज्ज्ञांमध्येही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. म्हणून कोणी फार लाल, फार स्वच्छ सूर्यकांत दाखवत असेल, तर प्रयोगशाळेच्या दाखल्याशिवाय पैसे मोजू नका.

बघायचं कसं

आता घरी करता येण्यासारख्या गोष्टी सांगतो. यासाठी ऊन किंवा एकच प्रखर दिवा हवा. दुकानात चारही बाजूंनी दिवे असतात, त्यात सगळंच चमकतं. खडा दाराशी नेऊन बघायची परवानगी मागा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

पहिलं, खडा हळूहळू फिरवा. सूर्यकांताची चमक एका कोनात भरात येते आणि पुढे मावळते. कोशाचं कापड आपल्या भागात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. अंगावरच्या चुणीप्रमाणे त्याची झळाळी जागा बदलते. तसंच हे. सन सितारा काच कशीही फिरवा, कुठून ना कुठून सारखीच चमचमत राहते.

दुसरं, भिंगातून बघा. सोनाराकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं. सूर्यकांतातल्या चकत्या लहानमोठ्या, कुठे दाट कुठे विरळ, बऱ्याचशा एका पातळीत झोपलेल्या दिसतात. काचेत तांब्याचे कण सगळीकडे सारखे पसरलेले, टोकदार त्रिकोणी किंवा षट्कोनी दिसतात. मध्येच गोल बुडबुडा दिसला तर शंकाच नको, ती काच.

तिसरं, एकसारखेपणाचा संशय धरा. माळेतले पन्नास मणी अगदी एका रंगाचे, एका चमकीचे असतील, तर निसर्गाने एवढी शिस्त पाळली असेल का, हे स्वतःला विचारा.

काय करू नये, तेही ऐका. खडा घासून, ओरखडून, तापवून किंवा आम्लात टाकून परीक्षा करू नका. फेल्स्पार ठरावीक सपाट पृष्ठांना धरून फुटतो, याला शास्त्रात पाटन म्हणतात. अशा परीक्षेत खरा दगडही हातचा जातो. जास्त रकमेचा प्रश्न असेल तर मुंबईतल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या किंवा जयपूरमधल्या रत्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा. तिथे दगडाची घनता आणि त्यातून प्रकाश किती वळतो हे मोजतात. खड्याला इजा होत नाही.

दर्जा, वजन आणि बिल

चांगला सूर्यकांत कशाला म्हणावं? अंग बऱ्यापैकी स्वच्छ, चमक जिवंत, आणि ती खड्याच्या वरच्या तोंडावर मधोमध येणारी. यात कारागिराचं डोकं लागतं. चकत्या कोणत्या पातळीत आहेत ते आधी ओळखून त्याप्रमाणे दगड कापावा लागतो. दिशा चुकली तर उत्तम दगडही मुका राहतो. म्हणून गढूळ ते अर्धपारदर्शक दगड घुमटाच्या आकारात घासतात आणि अगदी पारदर्शक दगडाला पैलू पाडतात.

आपल्याकडचा साधा नारिंगी सूर्यकांत हे महाग रत्न नाही. त्याच्यासाठी माणकाचा भाव कोणी सांगत असेल तर तिथेच उठावं. स्वच्छ लाल किंवा हिरवा ओरेगनचा दगड मात्र खरोखर महाग असतो.

वजन कॅरेटमध्ये मागा. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, जगभर एकच. रत्तीचं तसं नाही. जुनी रत्ती गुंजेवरून आली आणि कच्ची-पक्की असे तिचे प्रकार व्यवहारात आहेत. पाच रत्ती म्हणजे किती, हे दुकानागणिक बदलू शकतं.

आणि बिल घ्या. बिलावर नुसतं सूर्यमणी किंवा राशीचा खडा लिहून चालणार नाही. नैसर्गिक सनस्टोन, फेल्स्पार, इतके कॅरेट, प्रक्रिया केलेला आहे की नाही, हे लिहून मागा. जो विकणारा तोंडाने दहा गोष्टी सांगतो आणि कागदावर एकही लिहीत नाही, त्याच्याबद्दल आम्ही वेगळं काय सांगायचं!

वापरताना

सूर्यकांताचा कठीणपणा सहा ते साडेसहा. आपल्या धुळीत क्वॉर्ट्झचे कण असतात, त्यांचा सात. म्हणजे साधी धूळ पुसतानाही हळूहळू ओरखडे पडू शकतात. रोवणी, भांडी, विटामातीचं काम करणाऱ्या हातात या खड्याची अंगठी काही वर्षांत मंद होते. लॉकेट किंवा कानातले करावेत, ते टिकतात. धुताना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरे. यंत्राने किंवा वाफेने साफ करू देऊ नका.

माणकाचं उपरत्न

हा नाजूक विषय आहे, पण टाळून चालणार नाही. नवग्रहांच्या रत्नांत सूर्यासाठी माणिक सांगतात. माणिक परवडत नाही म्हणून सूर्यकांत द्या, असा सल्ला अनेकांना मिळतो. कोणाच्या श्रद्धेवर आम्हाला बोट ठेवायचं नाही. मात्र दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. खनिज म्हणून माणिक आणि सूर्यकांत यांचा काही संबंध नाही. माणिक म्हणजे कुरुविंद, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, कठीणपणा नऊ. आणि खडा घातल्याने दुखणं बरं होतं, पीक वाचतं किंवा नोकरी लागते, याला शास्त्राचा आधार नाही. आवडतो म्हणून घ्या, आईची आठवण म्हणून घाला, पण औषध थांबवून किंवा कर्ज काढून घेऊ नका. जो खडा घेण्यासाठी घरचा बैल विकावा लागतो, तो कोणाचाच लाडका नव्हे.

श्रोत्यांचे प्रश्न

*आमच्या शेतात चमचमणारे दगड सापडतात. ते सूर्यकांत असतील का?*

बहुतेक वेळा ते अभ्रक असतं. साकोली भागातल्या शिस्ट खडकांत अभ्रक खूप आहे. नखाने हळूच उचलून बघा. पापुद्रा सुटला तर अभ्रक. सूर्यकांताची चमक दगडाच्या आत असते, ती नखाने निघत नाही.

*मग भंडारा जिल्ह्यात रत्नासारखं काहीच नाही का?*

आहे, पण वेगळ्या प्रकारचं. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत, हे तुम्हाला माहीतच आहे. शिवाय आपला जिल्हा कायनाइट आणि सिलिमनाइट या खनिजांसाठी ओळखला जातो. पोहरा परिसरात त्यांच्याबरोबर कुरुविंदही मिळाल्याची नोंद आहे. म्हणजे माणकाच्याच कुळातलं खनिज, फक्त अपारदर्शक, दागिन्याच्या कामाचं नाही. कायनाइट मोठ्या उष्णतेत टिकतो म्हणून भट्ट्यांच्या विटांसाठी वापरतात. त्याचे निळे, पात्यासारखे स्फटिक असतात. एक नवल सांगतो : लांबीच्या दिशेने त्यावर चाकूचा ओरखडा उठतो आणि आडवा घासला तर उठत नाही. एकाच दगडाचे दोन कठीणपणे! फक्त कुठेही खोदकाम करायचं तर रीतसर परवानगी लागते, हे ध्यानात असू द्या.

*घरात जुना खडा आहे आणि तो काचेचा निघाला तर टाकून द्यायचा का?*

मुळीच नाही. मुरानोची ती काच हीसुद्धा माणसाच्या हाताची मोठी कमाई आहे. काच म्हणून ती सुंदर आहे. गडबड होते ती काचेचे दगडाच्या भावाने पैसे घेतले की. आजी घालत होती म्हणून तुम्ही जपत असाल, तर तिचं मोल कोणत्याही प्रयोगशाळेच्या दाखल्यावर अवलंबून नाही.

*दुकानदाराला राग येणार नाही का, एवढे प्रश्न विचारल्यावर?*

बी-बियाणं घेताना आपण पिशवीवरचं सगळं वाचतो, तारीख बघतो, बिल मागतो. तेव्हा कोणी रागावत नाही. खड्याचंही तसंच. दारापाशी उजेडात न्या, सावकाश फिरवा, भिंग मागा, कॅरेट विचारा आणि बिलावर फेल्स्पार हा शब्द लिहून घ्या. एवढ्या पाच गोष्टी केल्या तरी बरीचशी फसवणूक टळते.

समोरच्या टेबलावर फेल्स्पार, अभ्रक, सूर्यकांत आणि सन सिताऱ्याचे नमुने भिंगासह ठेवले आहेत. कोणता कोणता ते मुद्दाम लिहिलेलं नाही. जाताना बघा आणि ओळखा.